चार खांदे, दोन चाके

आमच्या झाईच्या किनाऱ्यावर होडी पाण्यात लोटणे सोपे, ती घरी आणणे कठीण. बोर्डीच्या सहलीत तेवढा समुद्र पाहिलेल्या माझ्या वर्गमित्रांना हे सांगून पटत नाही. इथला किनारा सपाट. ओहोटी लागली की पाणी मागे मागे सरत जाते आणि मध्ये उरतो चिखल-वाळूचा लांबलचक पट्टा. मामाची होडी लहान, वल्ह्याची, फायबरची. पण जाळी, नांगर आणि तळाशी साचलेले पाणी धरून तिचे वजन शंभर किलोंच्या घरात जाते. तिला चार खांदे लागतात. (चार खांदे आणखी कशाला लागतात ते सांगायला नको! मामा हा विनोद रोज करतो आणि मामी रोज चिडते.)

पण हे खांदे आता आणायचे कुठून? एक वापीच्या कारखान्यात गेला, दुसरा उंबरगावला, तिसरा पहाटेच्या गाडीने बोईसर गाठतो. चौथा मी, आणि मी कला शाखेत! गेल्या पावसाळ्यापूर्वी मामाने होडी विकण्याची भाषा काढली. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, तेव्हा बंदीतून वगळलेली ही बिनइंजिनाची होडीच खाडीच्या तोंडाशी जाऊन घरची चूल पेटती ठेवते. तीच विकायची, आणि का, तर ओढायला माणूस नाही म्हणून?

परदेशातले हौशी लोक कयाक नावाच्या होडीतून मासे धरतात आणि ती दोन चाकांच्या गाड्यावर ठेवून एकटेच पाण्यापर्यंत नेतात, हे मी मोबाईलवर पाहिले होते. मूळची कयाक ग्रीनलंडकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची, सीलच्या कातड्याची, एका माणसाने उचलावी अशी. ती प्लास्टिकची झाली, जड झाली, आणि तिलाही चाके लागली. म्हटले, आपणही करून पाहू.

पहिला प्रयत्न साफ फसला. सायकलची चाके लावली. अरुंद टायर वाळूत सुरीसारखे रुतले आणि आरे वाकले. दुसऱ्या खेपेस भंगारातून स्कूटरची चाके आणली, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी आसावर बसवून घेतली, वर जुन्या दाराच्या सागवानी फळ्या ठोकल्या आणि त्यांवर गोणपाट गुंडाळले. टायरमधली हवा निम्मी सोडली. हवा कमी केली की टायर पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो, चाक रुतत नाही. शाळेत शिकलेल्या विज्ञानाचा माझ्या हातून झालेला हा पहिलाच उपयोग!

तरी गाडा चालेना. होडी चढवली की तिची नाळ आभाळाकडे. शेजारच्या पाड्यावरचे एक वारली काका बघत उभे होते. जन्मभर त्यांनी बैलगाडी हाकली आहे. म्हणाले, "उलार झालाय. आस वीतभर मागं घे." घेतला, आणि ती होडी मामाने एका हाताने ओढली.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात सलते आहे. वारली चित्रांवर आम्ही निबंध लिहितो. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे आम्हाला तोंडपाठ असते. त्याच समाजातल्या माणसाजवळचे ओझ्याचे आणि आसाचे ज्ञान मात्र आमच्या लेखी ज्ञानच नव्हे. आम्ही त्याचे चित्र भिंतीवर लावतो आणि गाडी अडली की गुगलला विचारतो.

किनाऱ्याविषयी बोलणे होते तेही नेहमी मोठ्या आकड्यांत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये. बंदर हवे की नको, हा वाद आमच्या घराघरांत आहे आणि त्याला स्वतंत्र लेख लागेल. पण पाण्यापासून दारापर्यंतच्या त्या पाचसहाशे पावलांची काळजी कोणी केलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. आमचा गाडा अठराशे रुपयांत झाला. खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजते, म्हणून दर आठवड्याला ग्रीस भरावे लागते, एवढाच त्याचा वरखर्च.

गाड्यावर एक आक्षेप मात्र घेतला गेला, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. होडीला हात लावील त्याला मूठभर मासळी द्यायची, ही आमच्याकडची रीत. गाडा आल्यावर हात लावायचे कारणच उरले नाही. "तुझ्या चाकांनी रीत मोडली," असे एक आजी मला तोंडावर म्हणाल्या. माझे म्हणणे असे की, रीत आधीच मोडली होती. हात लावणारे पहाटेच्या गाडीत बसून गेले होते. गाड्याने मामाची होडी तेवढी वाचवली. पण दोन म्हातारे अजून किनाऱ्यावर येत आणि त्या मुठीवर त्यांचे कालवण होई, हेही खरे, आणि यावर माझ्याजवळ चोख उत्तर नाही.

मामाने ते आपल्या परीने काढले. गाडा एकट्याला ओढता येत असूनही तो मागे एक दोरी बांधतो आणि त्या दोघांपैकी जो येईल त्याच्या हातात तिचे टोक देतो. दोरी ढिलीच असते. घरी पोचल्यावर मामी टोपलीतून बोई काढून त्याच्या पिशवीत टाकते.