महामार्गाच्या आराखड्यात गँगमधल्या मजुरांनाही विचारा

पांढुर्णा जिल्ह्यातून दोन राष्ट्रीय महामार्ग जातात. नागपूर-बैतूल हा 47 क्रमांकाचा आणि सावनेर-सौंसर-छिंदवाडा हा 547 क्रमांकाचा. रुंदीकरण किंवा बायपास निघाला की सल्लागार कंपनीची माणसे येतात, मोजणी करतात आणि अहवाल वर जातो. ज्याची जमीन जाते, त्याला 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने 21 दिवसांत हरकत तरी घेता येते. पण तो रस्ता पुढे ज्यांनी राखायचा, त्या मेटाला, म्हणजे मुकादमाला, आणि देखभालीच्या गँगमधल्या मजुरांना कोणी एका शब्दानेही विचारत नाही. हे साफ चूक आहे.

रस्त्याखालच्या मोरीचेच घ्या. तिचा आकार पाणलोट आणि पावसाच्या आकड्यांवरून ठरतो. आमच्याकडे मात्र जोराच्या पावसात नुसते पाणी येत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या, संत्र्याच्या छाटलेल्या फांद्या आणि काळ्या मातीचा चिकट गाळही येतो. मोरीच्या नळाच्या तोंडाशी पऱ्हाट्या अडकल्या की पाणी मागे तुंबते, भराव भिजतो आणि साइडपट्टी खचते. अरुंद नळात माणूस शिरत नाही, बाहेरून बांबूने ढोसत बसावे लागते. इथे रुंद चौकोनी मोरी हवी, हे मेटाने मोजणीच्या दिवशीच सांगितले असते. डांबराची कड दरसाल कुठे तुटते, वळणावर दुभाजकालगत पाणी कुठे साचते, गिट्टीचा ट्रॅक्टर उभा करायला जागा नसल्याने भरधाव ट्रकांसमोर कुठे काम करावे लागते, हेही त्यालाच ठाऊक असते.

अडाणी मजुरांना आराखड्यातले काय कळते, असे म्हणणारे भेटतात. आराखडा त्यांनी काढावा, असे माझे म्हणणे नाही. गणित अभियंत्यानेच करावे, पण खरी माहिती हाती घेऊन करावे. आता देखभालही ठेकेदारांकडे जाते आणि मजूर बदलत राहतात. जुन्या माणसांना ठाऊक असलेले कागदावर उतरले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

माझी महामार्ग खात्याला आणि आमच्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे, की यापुढे कोणत्याही कामाचा अहवाल पक्का करण्याआधी त्या पट्ट्यातल्या गँगला सोबत घेऊन भर पावसाळ्यात एकदा पायी पाहणी करावी. त्या दिवसाची हजेरी मजुरांना द्यावी. त्यांच्या सूचना अहवालाला जोडाव्यात आणि जी सूचना नाकारली, तिच्यापुढे कारण लिहावे.

– एक शेतकरी वाचक, मोहगाव (जि. पांढुर्णा)