गुरूची निष्ठा

हुतुतू अर्थात् कबड्डी हा खेळ आमच्या सोलापूरच्या मुलामुलींस नवा नाही. परंतु ह्या खेळाच्या एका शिक्षिकेविषयी आम्हांस दोन शब्द लिहावेसे वाटतात.

नाशिकच्या श्रीमती शैलजा जैन प्रथम स्वतः कबड्डी खेळल्या. मग त्यांनी कित्येक वर्षे मुलींस ती शिकविली. पुढे इराणच्या महिला संघाने त्यांस पाचारण केले. तेथे त्या फारशी शिकल्या, शिष्यांस प्राणायामाची सवय लाविली. सन २०१० व २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिलांस सन २०१८ मध्ये जकार्ता येथे अंतिम सामन्यात इराणने २७-२४ गुणांनी हरविले.

कोणी विचारील, हा स्वदेशद्रोह नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शिष्य परका म्हणून जो विद्या हातची राखितो, तो गुरु कसला? शिवाय ह्या पराभवाने आपले नुकसान झाले नाही. सन २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या पुढच्याच आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी ते पदक परत मिळविले, तेही अवघ्या एका गुणाने!

विद्यार्थिमित्रहो, सामना हरलात तर प्रतिपक्षाच्या गुरूस आधी नमस्कार करा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर हजर राहा.