करकपात कुठे मुरते, ते तपासणारे कुणी नेमा

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जीएसटी परिषद, यांस



22 सप्टेंबर 2025 पासून आपण तूप, लोणी, चीज आणि फरसाणावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आणला, बिस्किटांवरचा 18 वरून 5 वर, आणि पाकीटबंद पनीर करमुक्त केले. निर्णय चांगलाच आहे. अमूलने तुपाचा भाव लिटरमागे 40 रुपयांनी उतरवला. म्हणजे कर घटला की भाव उतरू शकतो. पण तो उतरलाच पाहिजे, हे बघायची जबाबदारी आज कुणावर आहे?

18 टक्क्यांचे 5 झाले म्हणून भाव 13 टक्क्यांनी पडत नाही. 118 रुपयांची वस्तू 105 ला यायला हवी, म्हणजे सुमारे 11 टक्के. या हिशोबाने 5 रुपयांचा बिस्किटपुडा 4 रुपये 45 पैशांना बसतो, आणि एवढी चिल्लर आता व्यवहारातच नाही. मग किंमत तीच ठेवून वजन वाढवायचे, हाच मार्ग उरतो. 50 ग्रॅमचा पुडा 56 ग्रॅमचा व्हायला हवा. तो झाला की नाही, हे वाण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या बाईने कसे ओळखायचे? गेल्या महिन्यातल्या पुड्याचे वजन कुणी टिपून ठेवत नाही. त्यात जुन्या मालावर नवी किंमत चिकटवणेही सरकारने ऐच्छिक करून टाकले.

पनीरचे गणित निराळे. वस्तू करमुक्त झाली की पॅकिंगवर आणि इतर खर्चावर भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) उत्पादकाला मिळत नाही. तो बोजा किमतीतच शिरतो. त्यामुळे 5 टक्के कर गेल्याचा पूर्ण लाभ ग्राहकापर्यंत पोचणार नाही, हे आपण लोकांना आधीच सांगायला हवे होते.

आणि ज्या घरात तूप सणालाच येते, तिथे काय बदलले? सुटी डाळ, भाजी, कांदा यांवर जीएसटी नव्हताच. तेल, साखर, चहा 5 टक्क्यांवर होते, तिथेच आहेत. खाद्यतेल आपण निम्म्याहून अधिक आयात करतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ सीमाशुल्क लागले, मे 2025 अखेर ते 10 वर आले. गरिबाच्या फोडणीचा भाव तिथे ठरतो.

सर्वांत खटकते ते जीएसटी कायद्याचे कलम 171. करकपातीचा लाभ ग्राहकाला दिलाच पाहिजे, असे हे कलम सांगते. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तरीही 1 एप्रिल 2025 पासून त्याखाली नव्या तक्रारी घेणे बंद झाले, आणि सहा महिने होण्याआत एवढी मोठी कपात आली. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण हिशोब तपासून जादा घेतलेले पैसे परत करायला लावण्याचा अधिकार तिला नाही.

म्हणून मागणी करतो: निदान खाद्यवस्तूंसाठी कलम 171 खालील तक्रारी पुन्हा घ्या. केंद्रीय जीएसटीच्या क्षेत्रीय कार्यालयांनी गोळा केलेल्या किमती शहरवार, ब्रँडवार, वजनासह जाहीर करा. आणि 5 व 10 रुपयांच्या पुड्यांवर जुने व नवे वजन शेजारी शेजारी, ठळक अक्षरांत छापणे सहा महिने सक्तीचे करा.


एक ग्राहक