प्रतिपक्षाची बाजू

पुणे-सातारा महामार्गावरील शिवरे आणि भोर-वेल्हे परिसरातील इतर गावांच्या शाळांमध्ये १ ऑगस्टची टिळक पुण्यतिथी, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि फेब्रुवारीतील शिवजयंती हे भाषणांचे ठरलेले दिवस असतात. त्या दिवशीची भाषणे बहुधा गुरुजींनी किंवा घरच्यांनी लिहून दिलेली असतात आणि मुले ती आदरणीय व्यासपीठापासून ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’पर्यंत एका दमात म्हणून दाखवतात. या पाठांतराला कमी लेखू नये. चारशे डोळे आपल्याकडे लागलेले असताना आवाज न चिरकता उभे राहणे, म्हणजेच सभाधीटपणा, हा मुलांना त्यातूनच मिळतो आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तो एरवी सहज मिळत नाही. मात्र सभाधीटपणा ही वक्तृत्वाची पहिली पायरी आहे आणि बहुतेक शाळा त्याच पायरीवर थांबतात, ही खरी खंत आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या संस्थेतर्फे चालते, तिचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. बोलणे ही केवळ जन्मजात देणगी नसून ते उत्तेजन देऊन वाढवता येते, हा विश्वास त्या नावात आहे. त्याहून जुना धागा न्यायशास्त्रात सापडतो. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले: सत्य शोधण्यासाठी पक्ष आणि प्रतिपक्ष मांडून केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी छलासारखी साधनेही वापरून केलेला तो जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करणारी ती वितंडा. मराठी बोलण्यात यांपैकी ‘वितंडवाद’च अधिक रुळला, याचा शिक्षकांनी विचार करावा.

वादविवाद स्पर्धेचा खरा लाभ या पहिल्या प्रकारात आहे. स्पर्धकाला अनुकूल बाजू मिळेल की प्रतिकूल, हे चिठ्ठी टाकून ठरवले, तर त्याला स्वतःला न पटणाऱ्या मताचीही सर्वांत भक्कम मांडणी शोधावी लागते. खंडनाच्या फेरीत समोरचा काय बोलला हे आधी नीट ऐकावे लागते, कारण पाठ केलेले उत्तर तेथे लागू पडत नाही. ऐकण्याची ही सक्ती पाठ केलेल्या भाषणात कधीच नसते.

परीक्षणाच्या एका सवयीबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. मावळातल्या मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले म्हणून त्याचे गुण कापले जातात, तेव्हा पुढच्या वर्षी तो मंचावर येण्याचेच टाळतो. प्रमाणभाषा शिकवणे आवश्यक आहे, पण ती तासाला शिकवावी; मंचावर तपासायचा तो मुद्दा, पुरावा आणि त्यांची सांगड.

हे शिक्षण वायफळ नाही, याची साक्ष गावातच मिळते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, महिलांची सभा त्यापूर्वी स्वतंत्रपणे भरवावी लागते आणि पंचायतीतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. तरीही गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, जेमतेम होते आणि बोलतात ते नेहमीचेच चारजण. खुर्ची राखीव ठेवता येते; त्या खुर्चीवरून अंदाजपत्रकाबद्दल प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र आधीच्या वर्षांत, शाळेच्या पटांगणात घडवावे लागते.

विषयांसाठी दूर जाण्याचीही गरज नाही. ‘मोबाइल शाप की वरदान’ या झिजलेल्या विषयाऐवजी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर स्थानिक वाहनांना सूट असावी का, किंवा रिंगरोडसाठी दिलेल्या जमिनीचा मोबदला कुटुंबाने कशात गुंतवावा, असे विषय दिले, तर मुलांना सातबारा, म्हणजे जमिनीची नोंद दाखवणारा उतारा, घरी मागून वाचावा लागेल आणि आजोबांना चार प्रश्न विचारावे लागतील. ज्या मुलीच्या घरची जमीन त्या रस्त्यात गेली, तिच्याच हाती चिठ्ठीत रस्त्याच्या बाजूने बोलण्याचे काम येऊ शकते. आणि पुढच्या फेरीत दोन्ही गटांच्या बाजू बदलायच्या, हा नियम शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावा.