ओरिजिनल आहे का?

जुनी मोटरसायकल घेऊन कुठेही उभे राहा. दोन मिनिटांत कोणीतरी येतं, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतं आणि विचारतं, "ओरिजिनल आहे का?" चालते का, असं कोणी विचारत नाही. थांबते का, हे तर नाहीच नाही. या एका शब्दानं माझं डोकं इतकं उठवलंय की आज सविस्तर लिहायचं ठरवलं. नातेवाईक मंडळींनीही वाचावं, कारण गेले सहा महिने हाच विषय फोनवर आणि दोन लग्नांत चघळून झालाय.

गाडी म्हणजे मामाची राजदूत ३५०. मामानं ती १९८५ साली घेतली आणि गेल्या वर्षी "आता तूच बघ हिच्याकडे" म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. इंजिन जाम होतं. ते खोलून परत उभं करताना मी त्यात दुसऱ्या एका गाडीचे, शर्यतीसाठी पोर्टिंग केलेले जुने सिलिंडर बसवायचं ठरवलं. झालं! मामेभावाच्या मते मी घरचा वारसा बुडवतोय. त्याला गाडी चालवण्यात रस नाही, किमतीत आहे. (रागावू नकोस दादा, हे तुझंच वाक्य आहे.) आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचं म्हणणं असं की आता या गाडीला 'खरी' म्हणता येणार नाही.

बरं, मग खरी कुठली?

यामाहाची आरडी ३५० बाजारात आली १९७३ साली. तिच्याच पुढच्या 'बी' मॉडेलवरून एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आपली राजदूत ३५० काढली. दोन सिलिंडर, ६४ मिलिमीटरचा बोअर, ५४ चा स्ट्रोक, ३४७ सीसी, सगळं तेच. पण जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती आणि आपल्या 'हाय टॉर्क'ची साडेतीस. नंतर आलेल्या 'लो टॉर्क'ची तर जेमतेम २७. बाकीचे घोडे गेले कुठे? ॲव्हरेजच्या पायी गेले. 'कितना देती है' विचारणाऱ्या देशात गाडी विकायची म्हणून पोर्ट बदलले, सायलेन्सर आवळले. आणि पुढच्या चाकाची डिस्क काढून तिथे ड्रम बसवला.

म्हणजे ज्याला आपण हात जोडून 'मूळ' म्हणतोय, ती १९८३ सालची एक व्यापारी तडजोड आहे. त्या तडजोडीबद्दल माझी तक्रार नाही, त्या काळी ती करावी लागली असेल. पण तिची पूजा कशासाठी?

आता सिलिंडरांचं सांगतो, कारण सगळं भांडण तिथेच आहे.

या इंजिनाचा मूळ पिस्टन ६४ मिलिमीटरचा. सिलिंडर झिजला की बोअर करायचा आणि पाव-पाव मिलिमीटरनं मोठा पिस्टन टाकायचा. ६४.२५, ६४.५०, ६४.७५, आणि शेवटी ६५. त्यापुढे रस्ता बंद. मामाच्या गाडीत ६५ चाच पिस्टन निघाला आणि डाव्या सिलिंडरच्या आत नखाला लागतील एवढे चरे. आता 'ओरिजिनल'वाल्यांचा उपाय ऐका. हाच सिलिंडर लेथवर लावायचा, आतला लायनर कापून काढायचा, नवा ठोकायचा, आणि मग पोर्टच्या खिडक्या हातानं ग्राइंडर चालवून जुळवायच्या. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात हो! इंजिन श्वास कधी घेणार आणि कधी सोडणार हे त्या खिडक्यांच्या कडाच ठरवतात. त्या खिडक्या जर कोणी चहा पिता पिता अंदाजानं उघडल्या, तर बाहेरच्या ओतीव पंखांशिवाय ओरिजिनल काय उरलं? तरीही कागदावर ती गाडी शुद्ध. आणि माझी बाटलेली!

मी आणलेली जोडी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे पोत्यात गुंडाळून पडली होती. (किंमत विचारू नका, हा ब्लॉग बायको वाचते.) यामाहाचाच माल, पहिलाच ओव्हरसाइज झालेला. मिस्त्रींनी "आधी मापून घ्या, मग पैसे द्या" म्हणून बोअर गेज स्वतःच पुढे केला. वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा लावून पाहिला. झीज शेकड्यातली, म्हणजे पुढच्या ओव्हरसाइजला आरामात साफ होणारी. मग एक्झॉस्ट पोर्टचं छत सिलिंडरच्या वरच्या कडेपासून किती खाली आहे ते दोन्हीकडे मोजलं. ते वर उचललेलं होतं, पण दोन्हीकडे सारखं. पोर्ट वाजवीपेक्षा रुंद केलेला नव्हता. तो फार रुंद केला की रिंग त्यात फुगून येते आणि कडेला अडकून तुटते. इथे कडासुद्धा मारलेल्या होत्या, बोट फिरवलं तरी टोचत नव्हतं. ज्यानं हे काम केलं तो कोण होता हे मिस्त्रींनाही आठवत नाही. पण माणूस मोजून काम करणारा होता हे त्याच्या सिलिंडरवरून कळतं. वापरलेल्या रेसिंग पार्टची मला माहीत असलेली एकमेव परीक्षा ही. 'सोलावरमला पळालाय साहेब' या गोष्टीला एक रुपयाही जास्त देऊ नये.

रीडचंही तसंच. मूळ पाकळ्या पोलादी. तुटली की तुकडा थेट इंजिनात, आणि मग पिस्टन-सिलिंडरची जी दशा होते ती बघवत नाही. फायबरच्या पाकळीचा तुकडा त्या मानानं पुष्कळ कमी नुकसान करतो. जुना ब्लॉक घेऊन त्याला नव्या फायबरच्या पाकळ्या लावणं हा जर इतिहासद्रोह असेल, तर मी तो आनंदानं करतो.

आणि पेट्रोलचं काय? २०२५ साली सरकारनं २० टक्के इथेनॉल मिश्रणाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तरी मिश्रण हलकं पडतं. हलकं मिश्रण म्हणजे गरम पिस्टन, गरम पिस्टन म्हणजे जाम इंजिन. ज्यांनी अट्टाहासानं जुन्याच नंबरचे जेट ठेवलेत त्यांनी एकदा प्लग काढून त्याचा रंग बघावा. इंजिन १९८३ चं ठेवाल हो, पंपावर १९८३ चं पेट्रोल कोण देणार?

याचा अर्थ वाट्टेल ते जुनं घाला असा नाही. पिस्टन, रिंगा, गजनपिनचं बेअरिंग, क्रँकची बेअरिंगं आणि सील, हे सगळं नवीनच हवं. क्रँक प्रेसवर जोडल्यावर डायल गेज लावून सरळ करून घ्यायचा. इंजिन बंद केलं की सगळी तोंडं बुजवून सहा पीएसआय हवा भरायची आणि पाच-सहा मिनिटं काटा हलतो का ते पाहायचं. सीलमधून एक केसभर हवा आत आली तरी वरचा सगळा खर्च पाण्यात. दुसऱ्या टोकाची जी वेगवेडी पोरं आहेत, जी आधी एक्स्पान्शन चेंबर लावतात, ऑइल पंप काढून फेकतात आणि मग यातलं काही करायचं राहूनच जातं, त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच प्रश्न आहे: ब्रेकचं काय केलंत? आरडीचं 'रॅपिड डेथ' हे नाव विनोदानं पडलेलं नाही. मी इंजिनाला हात लावायच्या आधी पुढच्या चाकाला डिस्क बसवली. त्यावरही 'ओरिजिनल नाही' म्हणून ऐकून घेतलंच.

सरकारचंही एक ओरिजिनल आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठी दुरुस्ती-फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. आणि बक्षीस काय, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही! प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मामाची गाडी २०३५ साली या मानाला पात्र झाली असती. मामा आत्ता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. याच गाडीवर मामीला मागे बसवून तो आंबोलीला जायचा, आणि तिला बारा वर्षं कुलूपबंद बघून तो काय म्हणतो ते दादानं कधी ऐकलंय का, मला शंका आहे.

राहता राहिला वारशाचा मुद्दा. दादा, मामाचे दोन्ही सिलिंडर मी लायनरसाठी कापलेले नाहीत. तेल लावून, कागदात गुंडाळून, लाकडी पेटीत ठेवलेत. क्रँककेस तीच, नंबर तोच. कोणाला पुढेमागे 'शुद्धीकरण' करायचंच असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. हातानं कापलेला लायनर परत काढून जुना घालता आला असता का, तूच सांग.

सध्या रनिंग-इन चालू आहे. मेन जेट दोन नंबर वाढवलाय, तरी उजवा प्लग अजून जरा पांढरट येतो, म्हणून आणखी एक वाढवून बघणार आहे. मामाला पुढच्या रविवारी बोलावलंय. पेटीतले सिलिंडर बघायचे असतील त्यांनीही खुशाल यावं. ते विकायचे नाहीत.