मुलं एक, घरं तीन

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात बिबट्या आला होता, आठवतंय ना? ५ तारखेला जाधवनगरात त्यानं एका गवंड्यावर झडप घातली आणि पुढं तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या शाळा बंद झाल्या. पिंजरे लावले, ड्रोन उडवले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले. बिबट्या काही हाती लागला नाही. महिना संपता संपता दशलक्षण पर्व आलं. प्रवचन सुटल्यावर बस्तीच्या पायरीवर बायकांचा तोच विषय. एक काकू म्हणाल्या, "माणसं किती वाढलीत बघा की! रान ठेवलंच नाही कुठं. जनावरानं जायचं तरी कुठं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, ही वाढलेली माणसं म्हणजे नेमकी कोण? पायरीवर बसलेल्या आम्ही सगळ्या एका नाही तर दोन मुलांच्या आया. म्हणजे 'माणसं वाढली' म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर आम्ही नव्हतोच. दुसऱ्यांची पोरं होती. झोपडपट्टीतली, खेड्यातली, दुसऱ्या जातीधर्मातली.

भगिनींनो, इथंच आपण स्वतःला फसवतो.

संख्येचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ साली १२१ कोटी झाली. एवढ्या पोटांना शेत लागलं, पाणी लागलं, रस्ते लागले, आणि ते रानातूनच निघाले. पण २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की आता देशात बाईमागे सरासरी २ मुलं आहेत, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १.७, आणि जैनांमध्ये १.६. पाळणा केव्हाच मंदावला. मग रान तुटायचं का थांबत नाही?

कारण पाळणे कमी झाले तरी उंबरे वाढले. २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात जिआंगुओ ल्यू आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं. आपल्या पश्चिम घाटासारखी समृद्ध जंगलं ज्या देशांत आहेत, तिथं १९८५ ते २००० या काळात माणसांपेक्षा घरांची संख्या जास्त वेगानं वाढली. घरातली माणसं कमी आणि घरं जास्त.

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगते. शहापुरातल्या आमच्या वाड्यात सासूबाईंच्या काळी चौदा माणसं होती. चूल एक, आड एक. आज आम्ही दोघं टिळकवाडीत, एकुलता मुलगा पुण्याच्या फ्लॅटमध्ये, आणि जांबोटीच्या रस्त्याला दहा गुंठ्यांत दोन खोल्यांचं 'फार्महाऊस'. माणसं तीन, घरं तीन. तिसऱ्या घरात वर्षातून आठ-दहा दिवस राहतो. पण रिकाम्या घराला काय वाळू कमी लागते? खडी कमी लागते? नदी आणि डोंगर तेवढेच खरवडले जातात.

पहिल्या वर्षी त्या जागेत गव्यांच्या खुरांचे ठसे असायचे. आम्ही तारेचं कुंपण घातलं. दुसऱ्या वर्षी ठसे नव्हते. "बंदोबस्त झाला बाई एकदाचा," असं मी स्वतःच्या तोंडानं म्हटलंय. गवा गेला कुठं, हे विचारलं नाही. कोयना-चांदोलीकडचं रान आणि दांडेली-काळीचं रान यांना जोडणारा पट्टा आपल्या खानापूर तालुक्यातूनच जातो. वाघ याच वाटेनं ये-जा करतो. आमचे दहा गुंठे, शेजारच्यांचे वीस, पलीकडे कुणाचं रिसॉर्ट. अशानं ती वाट अडते.

याच तालुक्यात २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं. आत आमगाव, गवाळी, कोंगळा अशी जुनी गावं आहेत. पावसाळ्यात तिथलं आजारी माणूस खांद्यावर उचलून आणावं लागतं. त्या लोकांना सांगतात, जंगलासाठी गाव सोडा. आणि त्याच जंगलाच्या कडेला आम्ही पैसे मोजून राहायला जातो, 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणून! पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांची गर्दी होते, आमची मात्र हौस. हा कुठला न्याय?

आपण पाणी गाळून पितो. चातुर्मासात पालेभाजी सोडतो. दिवस मावळायच्या आत जेवतो. मुंगी चिरडली तर जीव कळवळतो. पण परिग्रहाच्या यादीत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, सोन्याच्याही आधी येतात, हे कितीजणींच्या लक्षात आहे? परिग्रह-परिमाणाचं व्रत श्रावकांना सांगितलंय ते यासाठीच. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रवचन ऐकायचं आणि बाहेर पडून प्लॉटचा भाव विचारायचा, याला काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, "एका आमच्या प्लॉटनं काय होतंय?" प्रत्येक प्लॉटवाला हेच म्हणतो. कुणी म्हणेल, "मुलाच्या भविष्यासाठी घेतलाय." मुलाला विचारा तरी, तो तिथं राहणार आहे का?

दरवर्षी आपण एखादी भाजी, एखादं फळ सोडतो. यंदा घराचं परिमाण घ्या. एक घर, फार तर दोन, त्यापुढं नाही. खरेदीखत समोर आलं की सही करायच्या आधी विचारा, ही जमीन आधी कुणाची वाट होती? नवरा रागावेल. माझेही रागावलेत. जागा विकून उपयोग नाही, घेणारा त्यावर बंगलाच बांधेल. म्हणून विकली नाही. गेल्या मे महिन्यात तार तेवढी काढून टाकली आणि पुढचं बांधकाम बंद केलं. ठसे अजून दिसले नाहीत. वाट बघतेय.