ट्रॉम्बेचं ट्रिटियम आणि ग्रुपवरचा तिरंगा

‘भारताने फुकट वीज शोधली होती, परदेशी लोकांनी दाबली.’ वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड अधूनमधून येतो. खाली तिरंग्यांची रांग. त्यातल्या थापेपेक्षा मला हे जास्त खुपतं, की ठाण्याहून फार लांब नसलेल्या ट्रॉम्बेत जे खरंच घडलं ते त्यात वाहून जातं.

23 मार्च 1989. अमेरिकेत युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जाहीर केलं, की जड पाण्यात पॅलेडियमचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली तर साध्या तापमानाला अणुसंमीलन होतं. हेच ते ‘कोल्ड फ्यूजन’. भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक तेव्हा पी. के. अय्यंगार होते. केंद्रातले बरेच गट लगेच कामाला लागले. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेल्या अहवालात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम सापडल्याचं छापलं गेलं. अय्यंगार म्हणजे 1974 च्या पोखरण चाचणीतलं मोठं नाव, कुणी ऐरागैरा बाबा नव्हे.

गोची आकड्यांत आहे. ड्यूटेरियमचे दोन अणुगर्भ जुळले की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन सुटतो, निम्म्या वेळा ट्रिटियम बनतं. दोन्ही जवळपास सारखे हवेत. ट्रॉम्बेत ट्रिटियम न्यूट्रॉनच्या कोटीपटीच्या घरात निघालं. समर्थक म्हणतात, हे नवं भौतिकशास्त्र. असेलही, पण ‘असेलही’ हा पुरावा नाही. विरोधक म्हणतात, जड पाण्याच्या अणुभट्ट्यांशेजारी ट्रिटियम कुठूनही येईल. मग कुठून आलं ते दाखवा! नुसतं नाक मुरडणं हेही विज्ञान नाही.

आमच्या धंद्यात ‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हटलं की कोड रिलीज होत नाही. इथेही तेच. गूगलच्या पैशाने काही वर्षं प्रयोग झाले, 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल आला: कोल्ड फ्यूजनचा पुरावा नाही. आणि ‘दाबलं’ म्हणाल, तर 2015 मध्ये बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने याच विषयावर खास विभाग छापला. संपादकांत श्रीनिवासन स्वतः होते. असं दाबतात का कुणी?

जड पाणी आपण बनवतो. ट्रिटियम मोजणं ट्रॉम्बेला नवं नाही. सीलबंद सेल घ्या, आधी आणि नंतर मोजा, दुसऱ्या संस्थेकडून तपासून घ्या. शून्य आलं, तरी ते शून्य छापा.